खानदेशांतील शेवटचे चार दिवस

प्रवासवर्णन लिहावयाचें तें घरून निघाल्या दिवसापासून, असा शिरस्ता आहे. तो मोडून मी शेवटाकडूनच आरंभ करतों. गेल्या हिवाळ्यांत मी एकटा तीन आठवडे खानदेशांत हिंडलों. पण त्यांतील पहिल्या दिवसांविषयीं नवें असें मला कांहीं सांगावयाचें नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं, तापी-पूर्णेच्या संगमाजवळचें चांगदेवांचें देऊळ, मुक्ताईनगर, हीं स्थळें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. ज्यांनीं पाहिलीं नसतील त्यांना माझ्याहून चांगले वाटाडे भेटतील. शेवटचे चार दिवस मात्र निराळे गेले. माझ्या पिशवींत एक गाठोडें होतें. त्याचें काय करावें हें ठरविल्यावांचून घरीं परतण्याची सोय नव्हती, आणि दिवस तर संपत आले होते.

आमचें घर कृष्णाकांठचें, एकत्र कुटुंबाचें. घरांतलीं मुलें एकटीं अमेरिकेला जातात, तेव्हां लाडवांचा डबा बरोबर देऊन आम्ही त्यांना हंसतमुखानें निरोप देतों. परंतु साठी उलटलेल्या मनुष्यानें एकट्यानें खानदेशांत जावयाचें म्हटल्याबरोबर घरांत मोठी सभा भरली. पुतण्या म्हणाला, “काका, तिकडे थंडी फार. चार दिवस थांबा, मी रजा काढून येतों.” वहिनींनीं वेगळाच मुद्दा काढला. “भाऊजी, थंडीचं राहूं द्या. मामंजींच्या वडिलांची पोथी तुम्ही बरोबर नेतां आहांत, ती परत येणार ना?” मीं उत्तर दिलें नाहीं. खरें म्हणजे माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

ती पोथी म्हणजे माझ्या आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली लीलावतीची प्रत. आजोबा गांवचे जोशी. पंचांग सांगून उरलेल्या वेळांत त्यांनीं ती सबंध नकलून काढली आणि समासांत मराठींत टीपा लिहिल्या. आचार्यांच्या उदाहरणांतलीं मापें बदलून पायली, शेर, मण अशा घरच्या मापांनीं तींच उदाहरणें त्यांनीं पुन्हां सोडविलीं आहेत. वडील वारले तेव्हां तो तांबडा रुमाल माझ्या स्वाधीन झाला. कां, तर घरांत संस्कृत जाणणारा मीच. “सेवानिवृत्त झालों कीं निवांतपणें पाहूं,” असें म्हणून मीं तो माळ्यावर ठेविला. मुलांना रामः रामौ घोकवितां घोकवितां सर्व नोकरी सरली. निवृत्त होऊनहि पांच वर्षें लोटलीं. गेल्या पावसाळ्यांत माळा गळूं लागला म्हणून सामान खालीं काढलें, तेव्हां रुमालाचा एक कोपरा हातांतच भुगा झाला. वाळवीनें शेवटचीं अकरा पानें नेलीं होतीं. पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव, गांव आणि लेखन पुरें झाल्याची तिथि घालीत असतो. तें पानहि त्यांतच गेलें.

मीं बाहेर पडण्याचें खरें कारण हें. धुळ्यास जुन्या पोथ्या व कागद जतन करणाऱ्या संस्था आहेत, हें मी विद्यार्थिदशेपासून ऐकत होतों. तेथें जावें, पोथी दाखवावी आणि मग काय तें ठरवावें, असा विचार होता. परंतु सरळ धुळ्यास जाण्याचें धैर्य होईना. म्हणून अजिंठा पाहूं, संगम पाहूं, असें करीत मी दिवस काढीत होतों.

डिसेंबरच्या २८ तारखेला मी जळगांवीं होतों. तेथील हिवाळा म्हणजे भरिताचा हंगाम. मोठालीं हिरवीं वांगीं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, आणि संध्याकाळीं गल्लोगल्लीं त्या धुराचा वास दरवळतो. माझें सकाळचें काम मात्र जुन्या जळगांवांतील चौधरीवाड्यांत होतें. बहिणाबाई चौधरी ह्या त्या घरच्या. तेथें त्यांचें स्मारक केलें असून त्यांच्या वापरांतल्या वस्तु जपून ठेविल्या आहेत. बाईंचा जन्म जवळच्या असोदे गांवीं १८८० सालीं झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसल्या कीं ओव्या सुचत, शेतांत वाकल्या कीं गाणें येई; आणि आलेलें गाणें वाऱ्यावर जाई. त्यांतलें जें कांहीं आज आपल्या हातीं आहे, तें घरांतल्या माणसांनीं ऐकतां ऐकतां वहींत टिपून ठेविलें म्हणून. बाई ३ डिसेंबर १९५१ रोजीं निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव यांनीं ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ सालीं गाणीं छापून निघालीं. आज उत्तर महाराष्ट्रांतील विद्यापीठाला त्यांचें नांव आहे.

त्या वाड्यांतून बाहेर पडतांना माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. ज्या माऊलीला लिहितां येत नव्हतें तिचे शब्द राहिले, आणि माझ्या आजोबांनीं तर सुंदर अक्षरांत लिहून ठेविलें असतां तें गेलें. ह्याचा अर्थ इतकाच, कीं शब्दाचें टिकणें हें लिहिणाऱ्यापेक्षां मागें राहणाऱ्याच्या हातीं अधिक असतें.

दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें चाळीसगांव गांठलें. तेथून नैर्ऋत्येस सुमारें १८ किलोमीटरांवर, सातमाळ्याच्या डोंगराखालीं, पाटणादेवीचें स्थान आहे. रिक्षावाला तरुण मुलगा होता. त्यानें अहिराणींत विचारलें, “कथा जाई ऱ्हायनात, बाबा?” चार दिवसांपूर्वीं मी गोंधळलों असतों, आतां मीहि “पाटणले” म्हणून उत्तर दिलें. तो खूष होऊन हंसला आणि भाडें न ठरवितांच निघाला. दोन्ही बाजूंस कापसाचीं शेतें, वेचणी चाललेली. बायकांनीं डोक्याला पदर घट्ट गुंडाळले होते आणि कमरेच्या ओट्या कापसानें फुगल्या होत्या. पुढें शेतें संपून गौताळ्याचें अभयारण्य लागलें. डोंगराच्या सांवलींत नऊ वाजतांहि हात गारठत होते.

देवीचें देऊळ यादवकालीन, दगडी, उंच चौथऱ्यावर उभें. मला ओढ होती ती तेथील शिलालेखाची. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (संगमावरचे योगी चांगदेव ते निराळे) हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि आणि त्यांच्या कुळांतले इतर ग्रंथ शिकविले जावेत, एवढ्यासाठीं त्यानें येथें मठ स्थापिला. आणि निकुंभवंशांतील सोइदेव या मांडलिक राजानें शके ११२८ मध्यें त्या मठाला दान दिलें. लेखांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत नऊ पिढ्यांचीं नांवें आहेत. आरंभीं संस्कृत श्लोक आणि शेवटीं साधी जुनी मराठी. मठाचा खर्च चालावा म्हणून गांवच्या व्यवहारांतून काय काय द्यावें, याचा तपशील त्या मराठींत आहे.

भास्कराचार्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे ११५० सालीं, सिद्धान्तशिरोमणि लिहिला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग. सह्याद्रीच्या पायथ्याशीं विज्जडविड नांवाचें आपलें गांव असल्याचें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. तें हेंच पाटण कीं दुसरें कोणतें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. मला त्या वादांत शिरावयाचें नव्हतें. मी पाहत होतों तें नातवाचें काम. आजोबांची कीर्ति तर त्या वेळीं दूरवर पसरली असली पाहिजे. नुसतें नांव सांगून चांगदेवाला सुखानें राहतां आलें असतें. त्याला तेवढ्यानें पुरेसें वाटलें नाहीं. शिष्यांची सोय, त्यांच्या अन्नाची सोय आणि त्या सोयीची दगडावर नोंद, इतकें त्यानें केलें. तो मठ आज उभा नाहीं. पण नोंद राहिली, आणि तिच्यामुळें आठशें वर्षांनीं मी त्या नातवाला ओळखतों आहें.

मीं पिशवींतून रुमाल काढून मांडीवर घेतला. माझ्या पणजोबांच्या वडिलांचें नांव मला श्राद्धाच्या वहींत पाहिल्यावांचून आठवत नाहीं. आणि येथें नऊ पिढ्या दगडांत उभ्या होत्या. बराच वेळ मी तसाच बसलों. शेवटीं रिक्षावाल्या मुलानेंच येऊन हळूच हांक मारली. माझी मुद्रा पाहून त्याला वाटलें असावें, कीं बाबांना थंडी बाधली; कारण परत चाळीसगांवीं पोहोंचल्यावर त्यानें आग्रहानें चहा पाजला आणि त्याचे पैसे घेतले नाहींत.

३० तारखेला चाळीसगांवाहून धुळ्याला निघालों. हा रेल्वेचा लहानसा फांटा १९०० सालीं सुरू झाला. सारा प्रवास छप्पन-सत्तावन्न किलोमीटरांचा. डब्यांत कॉलेजचीं मुलें, दुधाचे रिकामे हंडे आणि मी. धुळें शहर पांझरा नदीच्या कांठीं आहे. १८१९ सालीं कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्यानें नवी वसाहत आंखली, तेव्हांपासून तेथल्या गल्ल्या सरळ रेषेंत असून त्यांना क्रमांक आहेत. आमच्या गांवच्या बोळांत वाट चुकणाऱ्या मला ही व्यवस्था फार मानवली. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे तरुणपणीं सरकारी इंजिनियर म्हणून ह्याच भागांत कामाला होते.

दुपारीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत गेलों. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढें मठामठांतून हिंडून रामदासी वाङ्मयाचीं बाडें गोळा केलीं. डोमगांवच्या मठांत कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. समर्थांनीं सांगावें आणि कल्याणांनीं लिहावें, असा त्या ग्रंथाचा जन्म. म्हणजे येथेंहि एक सांगणारा आणि एक राखणारा. त्याच मंदिरांत खुद्द समर्थांच्या हस्ताक्षरांतील वाल्मीकिरामायण आहे. ज्यांनीं स्वतः एवढें रचलें, त्यांनींहि आधीं दुसऱ्याचें संबंध महाकाव्य नकलून काढलें होतें. आजोबांचें नकलणें मला लहानपणीं वेळ घालविण्याचें साधन वाटे. ह्या पोथीपुढें हात जोडतांना त्या समजुतीची मला लाज वाटली.

संध्याकाळीं कारागृहाच्या बाजूनें फेरी झाली. १९३२ सालीं ह्याच तुरुंगांत विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं गीतेचा एकेक अध्याय सांगितला. ऐकणारे राजबंदी पुष्कळ होते. उतरवून घेणारे साने गुरुजी होते. अंमळनेरच्या शाळेंत सहा वर्षें मुलें शिकवून १९३० सालीं त्यांनीं राजीनामा दिला आणि ते चळवळींत शिरले होते. त्यांनीं त्या रविवारीं नुसतेंच ऐकलें असतें, तर गीताप्रवचनें आज कोठें असतीं? जळगांवीं वही, पाटणला शिळा, येथें मठांतली प्रत आणि तुरुंगांतलें टिपण. खानदेशांत मी जेथें जाईं तेथें माझ्यापुढें तोच प्रश्न येऊन उभा राहत होता, आणि आतां त्याला टाळून जाण्यासारखें पुढचें स्टेशन उरलें नव्हतें.

रात्रीं धर्मशाळेंतून घरीं फोन केला. थंडीनें दांत वाजत होते. धुळ्याचा गारठा अंगावरच्या शालीला जुमानीत नाहीं. वहिनींना म्हटलें, “पोथी उद्यां कदाचित् येथेंच ठेवीन. तुमची संमति असेल तरच.” त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “तुम्हीं ती माळ्यावर ठेवलीत तेव्हां कुणाला विचारलं होतंत? आतां जिथं वाळवी लागणार नाहीं तिथं ठेवा. एवढंच माझं म्हणणं.”

दुसरा दिवस ३१ डिसेंबर. १९२६ सालीं ह्याच तारखेला, ह्याच शहरांत, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वारले. पत्नी तरुणपणींच निवर्तली. त्यानंतर त्यांनीं दुसरा संसार केला नाहीं. एकटे हिंडले, हातानें स्वयंपाक करून जेवले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला १८९८ सालचा. हीं साधनें त्यांना मिळालीं तीं कोणा राजाच्या भांडारांत नव्हेत, तर मुख्यतः आपल्यासारख्यांच्या घरांतल्या माळ्यांवर, कोनाड्यांत आणि अडगळींत. त्यांच्यामागें त्यांच्या टिपणांचीं व कागदांचीं दप्तरें राहिलीं. तीं धुळेकरांनीं वाऱ्यावर सोडलीं नाहींत. १९२७ सालीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें आणि त्यांचें अपुरें राहिलेलें धातुकोशाचें काम तेथूनच पुढें छापून निघालें.

मी त्या मंडळांत गेलों. तेथें एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनीं रुमाल सोडला, पानें मोजलीं आणि समास वाचूं लागले. मला वाटत होतें, कीं ते पोथीची स्तुति करतील. ते म्हणाले, “लीलावतीच्या प्रती पुष्कळ आहेत, मास्तर. मूळ ग्रंथासाठीं कोणी हिच्यापाशीं येणार नाहीं. पण पायलीचे आणि शेराचे हे हिशेब दुसऱ्या कोणत्याहि प्रतींत नसणार.” मग त्यांची नजर पोथीभोंवतीं गुंडाळलेल्या मोडी कागदांवर गेली. “आणि हे?”

“ते वरचें वेष्टन. रद्दी आहे,” मी म्हणालों.

त्यांनीं चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलें आणि एक कागद उलगडून वाचूं लागले. कोणा कुणब्यास दिलेलें बियाणें, त्याची परतफेड, एका दुष्काळाच्या वर्षीं सोडलेलें व्याज, घरच्या मुंजीला आलेला खर्च. पणजोबांचें सर्व घर त्या कागदांतून बोलूं लागलें. मला मोडी वाचतां येत नाहीं. जन्मभर मी स्वतःला पंडितांच्या पंक्तीला बसवीत आलों होतों. आणि माझ्याच घरचा कागद दुसऱ्यानें मला वाचून दाखवावा लागत होता.

“हे ठेवायचे असतील तर आधीं हे ठेवा,” ते म्हणाले. “आतां सांगा, पोथी कोणीं लिहिली? केव्हां?”

“तें पान गेलें आहे.”

“पान गेलें. तुम्ही आहांत ना? ठाऊक असेल तेवढें लिहून द्या. तुमच्यामागून कोण सांगणार?”

त्यांनीं कोरा कागद पुढें सारला. मीं आजोबांचें नांव लिहिलें, त्यांच्या वडिलांचें लिहिलें. त्याच्या मागचें नांव आठवेना, म्हणून घरीं फोन करून श्राद्धाची वही पाहवून घेतलें. गांव लिहिलें. आजोबा कोणत्या खिडकीशीं बसून लिहीत, तेंहि लिहिलें. लेखनाची तिथि मला ठाऊक नव्हती. तेथें जागा कोरी सोडली. शेवटीं एक ओळ मीं आपण होऊन घातली: “अखेरचीं अकरा पानें नातवाच्या हयगयीनें नष्ट झालीं.” गृहस्थांनीं ती वाचली. त्यांनीं ती खोडावयास सांगितलें नाहीं, आणि सांत्वनहि केलें नाहीं. दोन्हींबद्दल मी त्यांचा आभारी आहें.

पोथी आणि वेष्टनाचे सर्व कागद तेथें ठेवून मी बाहेर आलों. तांबडा रुमाल तेवढा परत घेतला. रात्रीच्या गाडींत पिशवी इतकी हलकी लागत होती, कीं झोपेंत दोनतीनदां दचकून मीं ती चांचपून पाहिली.

घरीं पोहोंचलों त्या दिवशीं वहिनींनीं रुमाल हातीं घेतला, धुवून वाळत घातला, आणि दुपारीं घडी करीत असतां म्हणाल्या, “भाऊजी, आजोबांचं झालं. आत्तेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मला येतात. माझ्या सुनेला एकहि येत नाहीं, तिच्या मुलीला जातंच माहीत नाहीं. मी सांगते, तुम्ही लिहा.”

वाचकहो, आपल्याहि घरीं माळा असेल, आणि माळ्यावर नसलें तर कोणाच्या तरी तोंडीं कांहीं असेल. माळ्यावरचें थोडें थांबतें. तोंडींचें थांबत नाहीं. सध्यां रोज दुपारचीं भांडीं आटोपलीं कीं वहिनी ओटीवर येऊन बसतात आणि मी वही उघडतों. एखादा शब्द मला कळला नाहीं तर त्या रागावतात. आजपर्यंत एकसष्ट ओव्या झाल्या आहेत. प्रत्येकीखालीं, कोणीं सांगितली व कोणत्या दिवशीं, हें मी न चुकतां लिहितों.